नऊ तिश्री, रविवार

माझ्या आईला २९ सप्टेंबर २०२५ रोजी जन्मदाखला मिळाला. आदल्याच दिवशी तिला त्र्याहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. पहिला अर्ज केला त्या दिवसापासून दाखला हातात पडेपर्यंत दहा महिने आणि अकरा दिवस गेले. मधल्या काळात रात्र रात्र नेटवर शोधायचे, पण यातून जाऊन आलेल्या कुणी सविस्तर लिहिलेलं सापडत नव्हतं. ज्यांच्या घरात कुणाचा जन्म घरीच झाला आणि नोंदवायचा राहून गेला, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कागदांबरोबर दुसरंही काही सापडलं. तेही लिहिणार आहे, कारण दोन्ही मला वेगळं करता येत नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. ठाण्यात आमची चौथी पिढी. आमच्याकडे सांगतात की पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकी सगळं समुद्राने घेतलं. पोथ्याही गेल्या. राहिली ती पाठ असलेली शेमा ही प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती. कोकणात तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. लहानपणी हे सगळं ऐकताना गोष्ट वाटायची. या वर्षी पहिल्यांदा कळलं की कागद बुडतात म्हणजे काय होतं.

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे, फिजिओथेरपिस्ट. तिने इस्राएलला, अश्दोदला माझ्या मावशीकडे राहायला जायचं ठरवलं. अर्जाला तिची, माझी आणि माझ्या आईची कागदपत्रं लागणार होती: जन्मदाखले, केतुबा म्हणजे लग्नाचे करारपत्र, सिनेगॉगचं म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराचं पत्र. माझं आणि लेकीचं सगळं होतं. आजोबा-आजीचा केतुबा आईच्या स्टीलच्या डब्यात होता. नव्हता तो आईचा जन्मदाखला. ती टेंभी नाक्याजवळच्या एका चाळीत, घरीच, सुइणीच्या हातून जन्मली. आजोबा गिरणीत कामाला. नोंद करायला जायचं राहिलं ते राहिलंच.

१८ नोव्हेंबर २०२४ला मी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शोधाचा अर्ज दिला. इथे पहिली सूचना: एकाच वर्षाचा शोध मागू नका, आधीचं आणि नंतरचं वर्षही अर्जात लिहा. मी १९५१ ते १९५३ लिहिलं. दोन आठवड्यांनी नोंद आढळत नसल्याचा दाखला मिळाला, त्याला नमुना १० म्हणतात. तो कागद पाहून मला रडू आलं होतं. माझी आई जन्मलीच नाही असं कुणी लिहून दिल्यासारखं वाटलं. आता सांगते, तो कागद जपून ठेवा. पुढची सगळी इमारत त्याच्यावर उभी राहते.

जन्माला एक वर्ष उलटून गेलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागे. कायदा बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३पासून हे अधिकार महसूलच्या अधिकाऱ्यांकडे आले, त्यामुळे अर्ज तहसील कार्यालयात. डिसेंबरभर मी पुरावे गोळा केले. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जुनं रेशनकार्ड, चाळीच्या भाडेपावत्या, केतुबा. केतुब्यावर हिब्रू साल होतं ५७०७, म्हणजे १९४६-४७. भाषांतराचे अडीच हजार रुपये गेले. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे मला आधी माहीत नव्हतं, दोन स्टॅम्पपेपर उगाच घेतले. तुम्ही आधी विचारा.

आजोबांच्या नावाचा घोळ निघाला. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मुसाजी, केतुब्यावर मोशे, रेशनकार्डावर मोझेस. आमच्याकडे हे तिन्ही एकच. जुन्या पिढीत शमुवेलचा समाजी व्हायचा, मोशेचा मुसाजी. पण कागदाला ते कसं कळावं? तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र केलं आणि सिनेगॉगमधून तसं पत्र घेतलं. स्पेलिंगचा फरक असेल तर हे सुरुवातीलाच करून टाका, कुणी विचारेपर्यंत थांबू नका.

जानेवारीत फाइल तयार झाली. नोटरीकडे जायच्या आदल्या रात्री आईला प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. जन्मतारीख १ जून १९५२, शाळेच्या दाखल्याप्रमाणे. आई म्हणाली, "ही माझी तारीख नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली आहे."

"आई, निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो. सगळ्या कागदांवर हीच आहे."

"कागदावर असू दे. इथे देवाला साक्षी ठेवून सांगते असं लिहिलंय. देवाचं नाव घेऊन मी खोटं नाही सांगणार."

मी चिडले. इतक्या मेहनतीने जमवलेले कागद, आणि हे. खरी तारीख कुठली विचारलं तर म्हणाली, दार फळणीच्या सणाच्या आदल्या दिवशी. म्हणजे योम किप्पूर या आमच्या उपासाच्या सणाच्या आदला दिवस. पुरावा? बाबांनी तिफिलाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, पुस्तकात लिहून ठेवलेलं असायचं. पुस्तक कुठे आहे, ते तिला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात बातमी आली की राज्यभर उशिराच्या जन्मनोंदींचं काम थांबवलं आहे. तारीख होती २१ जानेवारी. पुढचं काही माहीत नाही, कार्यालयातही कुणाला नाही. मला वाटलं संपलं. आई मात्र शांत होती. "देवाने पुस्तक शोधायला वेळ दिलाय," म्हणाली. त्या दिवशी मला ते वाक्य आवडलं नव्हतं. आज ते तिच्या शब्दांत इथे लिहिताना मान खाली जाते.

पुस्तक सापडलं फेब्रुवारीत, पनवेलला मामींच्या माळ्यावर, मामा गेल्यापासून बांधून ठेवलेल्या एका पेटीत. हिब्रू प्रार्थना, शेजारी मराठी. पुठ्ठा सुटलेला, पानांना कापराचा वास. पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांचं अक्षर. जाड बोरूसारखी निळी रेघ, ओळीखाली ओळ. प्रत्येक मुलाची एक नोंद. आईची, हिब्रू महिन्याच्या तारखेने, अशी होती:

"९ तिश्री ५७१३, रविवार, दिवस मावळायच्या आधी. कन्या. देव विश्वासू, हजार पिढ्या करार पाळणारा."

'अनुवाद' या तोऱ्हाच्या पाचव्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातलं वचन आहे ते, आजोबांनी आपल्या शब्दांत लिहिलेलं. तीच ओळ प्रत्येक नोंदीपुढे होती. पण मी थांबले ती सगळ्यात वरच्या नोंदीपाशी. ५७०९, पुत्र. मग वेगळ्या शाईने, तिरपं: "आठ महिन्यांनी देवाने नेला." आणि त्याच्याखाली, त्याच तिरप्या अक्षरात, पुन्हा: "देव विश्वासू." पुढचे शब्द नाहीत. टाक इतका दाबला होता की पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. आईला एक मोठा भाऊ होता, हे तिला पंचाहत्तरी जवळ आल्यावर, त्या माळ्याखाली, मामींच्या पलंगावर बसून कळलं.

मी जन्मभर तो शब्द ऐकत आले आहे. विश्वासू म्हणजे मागितलेलं देणारा, असंच मनात धरून चालले होते. आजोबांनी तो शब्द लिहिला तेव्हा त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी खालचं पान कोरं ठेवलं, पुढच्या मुलांसाठी. तीन वर्षांनी त्यावर माझी आई लिहिली गेली.

१३ फेब्रुवारीला तू बिश्वात, आमचा झाडांचा सण होता. आम्ही घरी मलिदा केला. भिजवलेले गोड पोहे, नारळाचा चव, वेलची, सुका मेवा, पाच फळं. एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव घेतलं आणि आईने नवस बोलला की दाखला झाला की पुन्हा मलिदा करीन.

१२ मार्चला नव्या कार्यपद्धतीचा शासन निर्णय आला. पुरावे अधिक कडक, जाहीर सूचना, पोलिसांचा अहवाल. ८ एप्रिलला मी नवी फाइल दिली, या वेळी २८ सप्टेंबर १९५२ या तारखेने. हिब्रू तारखेचं रूपांतर सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानकाकांनी करून दिलं आणि सिनेगॉगच्या पत्रात लिहिलं. टेबलावरच्या साहेबांनी पाहून सांगितलं, "ताई, शाळेच्या दाखल्याची तारीख घेतली असती तर सोपं गेलं असतं." मला ते माहीत होतं. प्रामाणिकपणे सांगते, तुमच्याकडे दुसरी तारीख सिद्ध करणारं काही नसेल तर हा रस्ता फार अवघड आहे. आमच्याकडे पुस्तक होतं, आणि एक आजी होत्या.

त्या आजींचं सांगते. चाळीत आईच्या शेजारच्या खोलीत राहायच्या, आता कळव्याला मुलाकडे असतात, वय शहाऐंशी. आईच्या जन्मावेळी तेरा वर्षांच्या होत्या. त्यांना भेटायला गेलो तेव्हा मी तारखेचं अक्षरही काढलं नाही, फक्त विचारलं, आई जन्मली तेव्हाचं काही आठवतं का? त्या लगेच म्हणाल्या, "आठवतं म्हणजे? संध्याकाळी पोरगी झाली, आणि दुसऱ्या दिवशी यांचं दार दिवसभर बंद! मी तीनदा जाऊन परत आले. माझी आई म्हणाली, अगं, त्यांचा दार लावायचा सण आहे, आज कुणाला शिवायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी दार उघडलं, तेव्हा बघितली हिला." मग आईच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "काळी होतीस गं, आणि केस एवढे!"

दार फळणीच्या दुसऱ्या दिवशी आमचा शिळा सण असतो. दारं उघडतात, भेटीगाठी होतात. हिंदू घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीने बंद दार बघितलं आणि आमची तारीख त्र्याहत्तर वर्षं सांभाळून ठेवली. त्यांचं प्रतिज्ञापत्र करायला नोटरी घरी आले, त्याचे आठशे रुपये. वयस्क साक्षीदार असेल तर उद्यावर टाकू नका, पहिल्या महिन्यातच लिहून घ्या.

१२ एप्रिलला पेसाख, मिसरातल्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या रात्रीच्या सेदरच्या जेवणाला दर वर्षी म्हणतो की प्रत्येक पिढीने स्वतःच मिसरातून निघाल्यासारखं मानावं. लेकीने ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

मे महिन्यात दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना दिली, तीन हजार दोनशे रुपये. हरकतीची मुदत गेली. पोलीस ठाण्यात आईचा जबाब झाला, तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. एका एजंटाने पंचवीस हजारांत "सगळं करून देतो" म्हणून सांगितलं होतं. आम्ही नाही म्हटलं. यात पैसे वाचले हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एजंटाने एक जूनच लावली असती.

जून सगळ्यात वाईट गेला. १३ तारखेला इस्राएल आणि इराणचं युद्ध पेटलं. विमानतळ बंद. मावशी अश्दोदहून रात्री निवाऱ्यातून फोन करायची, मागे सायरन. दोन्हीकडच्या आया त्या रात्री जाग्याच असणार. मी लेकीला म्हटलं, नको जाऊस. आणि त्याच आठवड्यात एका कार्यालयातून कळलं की आमच्या फाइलमधले मूळ जोडपत्रांचे कागद सापडत नाहीत, पुन्हा द्या. मी जिन्यात बसून राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी मनुकांचं सरबत करताना आईने विचारलं, "यिर्मयाने शेत घेतलं ते आठवतं का?" मला नीट आठवत नव्हतं. तिने सांगितलं, मी नंतर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय काढून वाचला. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला. यिर्मया स्वतः पहाऱ्यात कैद. शहर पडणार हे त्यानेच सांगितलेलं. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. आणि देव सांगतो, घे. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपल्या लेखनिक बारूखच्या हाती देऊन सांगतो की मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

हे मी लहानपणापासून ऐकलेलं, पण त्यात साक्षीदार आहेत, तोललेले पैसे आहेत, दोन प्रती आहेत, हे कधी कानात शिरलं नव्हतं. जो माणूस आपल्या हयातीत ते शेत कसणार नाही, तो रीतसर कागद करतो. देवाचं वचन त्याच्या नंतरच्यांसाठी आहे, आणि त्याच्या वाट्याला आलेलं काम एवढंच की कागद नीट करून भांड्यात ठेवायचे. त्या संध्याकाळपासून मी रांगेत वेगळ्या मनाने उभी राहू लागले. भीती गेली नाही. लेकीला पुन्हा "नको जाऊस" म्हटलं नाही, इतकंच.

आमचीही दुसरी प्रत होती. पहिल्या दिवसापासून मी प्रत्येक कागदाचे तीन संच केले होते आणि प्रत्येक वेळी पोच घेतली होती. पोच नसती तर पुन्हा नोव्हेंबरपासून सुरुवात झाली असती. पुस्तकाचं पान मी कुठेच मूळ दिलं नव्हतं, फक्त दाखवायचे आणि परत आणायचे. हे तुम्हीही पाळा.

१९ ऑगस्टला सुनावणी. आई, मी, कळव्याच्या आजींचा मुलगा. साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. घेण्याआधी हात रुमालाला पुसले, ते मी पाहिलं. नोंद वाचली. मग म्हणाले, "आजी, यात रविवार लिहिलाय." काही न बोलता त्यांनी संगणकावर कॅलेंडर उघडलं आणि मागे मागे जात १९५२च्या सप्टेंबरला आले. खोलीत फक्त माऊसचा आवाज. पडदा आमच्याकडे वळवला. २८ सप्टेंबर, रविवार. त्यांनी पुढची ओळ मोठ्याने वाचली, "देव विश्वासू, हजार पिढ्या…" आणि आईला विचारलं, "हे तुमच्या वडिलांचं अक्षर?" आई हो म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

आदेश ११ सप्टेंबरला झाला. तो घेऊन महापालिकेत, विलंब शुल्क भरून नोंद. २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी रोश हशाना, आमचं नवं वर्ष, लागलं. त्याच दिवशी घटस्थापना होती. टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाची रोषणाई, माणसांची गर्दी, आणि त्यातून वाट काढत आम्ही सिनेगॉगला गेलो. आमचं शाआर हाशामाईम, स्वर्गाचं दार, १८७९ साली उभं राहिलेलं. आजोबा याच रस्त्याने चालत आले असणार. बाहेर आरती, आत तिफिला. देव फक्त इस्राएलमध्येच भेटतो असं मी लेकीला कधी सांगितलं नाही. पोथ्या बुडाल्यावर, शेमा सोडून सगळं विसरल्यावर, त्याने आम्हाला याच मातीत सांभाळलं. याच शेजारात.

२९ला दाखला आला. १ ऑक्टोबरला नऊ तिश्री होती, हिब्रू पंचांगाप्रमाणे आईचा खरा वाढदिवस, आणि त्या संध्याकाळपासून दार फळणीचा उपास. त्या दिवशी दुपारी आम्ही चिकाचा हलवा केला, आई ढवळत बसली आणि मला चमचाही लावू दिला नाही.

पुढचं थोडक्यात. आधारवरची जन्मतारीख या दाखल्यावर बदलून घेतली. परदेशासाठी आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, त्याचं शुल्क एका कागदाला ५० रुपये, शिवाय केंद्राचा सेवा आकार. सगळा मिळून खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास, त्यातला मोठा भाग भाषांतर, जाहिराती, नोटरी आणि रिक्षा.

नवसाचा मलिदा नोव्हेंबरात केला. कळव्याच्या आजी चाकाच्या खुर्चीतून आल्या आणि पहिलं फळ आईने त्यांच्या हातात ठेवलं.

लेकीचा अर्ज गेला आहे. उत्तर यायचं आहे. मूळ कागद तिच्या पिशवीत आहेत आणि दुसरा संच आईच्या स्टीलच्या डब्यात, केतुब्याखाली. शुक्रवारी दिवे लावल्यावर आई लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांची नावं घेते, तशी परवाही घेतली. जेवण झाल्यावर मात्र तिने तिफिलाचं पुस्तक मागितलं. शब्बाथला लिहीत नाहीत, म्हणून फक्त ते पान उघडून लेकीला दाखवलं. आजोबांच्या नोंदी संपतात त्याच्या खाली अजून चार बोटं कोरी जागा आहे.